मातीची भिंत आणि हिवाळ्यातील पालेभाजी

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. जानेवारीत तेथील रात्रीचे तापमान उणे १५ ते उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि पूर्वेकडील चांगथांगच्या पठारावर ते याहूनही खाली जाते. श्रीनगरहून झोजी ला खिंडीतून येणारा आणि मनालीहून बारालाचा ला ओलांडून येणारा, हे दोन्ही रस्ते वर्षानुवर्षे हिवाळ्यात बर्फामुळे कित्येक महिने बंद राहत आले आहेत. २०२० मध्ये रोहतांगखालचा अटल बोगदा खुला झाल्याने लाहौलचा प्रवास बारमाही झाला, तरी त्यापुढच्या उंच खिंडींचा प्रश्न शिल्लक राहिला. या काळात लडाखी कुटुंबाचे जेवण परंपरेने सातूचे भाजलेले पीठ, वाळवलेले जर्दाळू, उन्हाळ्यात सुकवून ठेवलेला पाला आणि जमिनीतील खोल खड्ड्यांत साठवलेले बटाटे, गाजरे, मुळे व सलगम यांवर चालत असे. ताजी हिरवी भाजी विमानानेच येई आणि तिची किंमत गावातल्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असे. अशा प्रदेशात आज अनेक गावांतून जानेवारीतही पालक, कोथिंबीर, मुळ्याचा व मोहरीचा पाला निघतो, आणि त्यासाठी लाकूड, रॉकेल किंवा वीज यांपैकी काहीही जाळले जात नाही. ज्या रचनेमुळे हे शक्य झाले, तिला निष्क्रिय सौर हरितगृह म्हणतात. पंखा, पंप किंवा हीटर यांसारखे कोणतेही यंत्र न वापरता, केवळ इमारतीची दिशा, आकार आणि बांधकामाचे साहित्य यांच्या बळावर सूर्याची उष्णता गोळा करणे व राखून ठेवणे, हा ‘निष्क्रिय’ या शब्दाचा येथील अर्थ आहे.

लडाखमध्ये थंडी फार असली, तरी उन्हाची कमतरता नाही. हिमालयाच्या मुख्य रांगेमागील पर्जन्यछायेत असल्याने लेहमध्ये वर्षभरात अवघा १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस व बर्फ पडतो, वर्षातील तीनशेहून अधिक दिवस आकाश निरभ्र असते, आणि विरळ, कोरड्या हवेतून येणारे ऊन मैदानी प्रदेशातील हिवाळी उन्हापेक्षा प्रखर असते. मात्र दिवसा मुबलक ऊन देणारे हेच कोरडे, निरभ्र आकाश रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने ओढून घेते. तापलेला प्रत्येक पदार्थ डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असतो, आणि वर ढग किंवा बाष्प असले तर त्यातील काही उष्णता परत खाली येते. लडाखच्या आकाशात ढगही नसतात व बाष्पही फारच थोडे असते. महाराष्ट्रातही निफाडच्या द्राक्षबागायतदारांना हा अनुभव परिचित आहे. ढगाळ रात्रीपेक्षा स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री पारा अधिक घसरतो आणि मग पहाटे बागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. तात्पर्य, लडाखच्या शेतकऱ्यापुढचा प्रश्न ऊन मिळवण्याचा नसून दुपारी मिळालेली उष्णता पुढचे सोळा-सतरा तास टिकवण्याचा आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे या हरितगृहाचा प्रत्येक भाग असा का आहे, हे आपोआप उलगडत जाते.

हरितगृह का तापते याविषयी शालेय पुस्तकांतून एक अपुरे स्पष्टीकरण रूढ झाले आहे. काच सूर्यप्रकाश आत येऊ देते आणि आतून बाहेर जाणारे अवरक्त किरण अडवते, म्हणून आत उष्णता कोंडली जाते, असे ते स्पष्टीकरण आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये दोन पेट्या घेऊन त्यांतील एकीवर काच आणि दुसरीवर सैंधवाचे पारदर्शक तावदान बसवले. सैंधव अवरक्त किरणांनाही सहज वाट देते, तरीही दोन्ही पेट्यांतील तापमानात फारसा फरक पडला नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला तो असा, की हरितगृह दिवसा तापण्याचे प्रमुख कारण तापलेली हवा वर उठून निघून जाऊ शकत नाही, हे आहे. किरण अडवण्याचा वाटा दुय्यम आहे. साधे पॉलिथिन तर अवरक्त किरणांना बऱ्याच अंशी पारदर्शक असते. रात्री त्याच्या आतल्या बाजूस बाष्पाचा थर साचला की तो काही प्रमाणात हे किरण अडवतो, पण तेवढ्याने भागत नाही. त्यामुळे चारही बाजूंनी आणि वरूनही पॉलिथिन असलेला मंडप दिवसा कितीही तापला, तरी सूर्य मावळल्यानंतर तासा-दोन तासांत बाहेरच्याइतकाच गार होतो. मैदानात उपयुक्त ठरलेले असे मंडप लडाखमध्येही उभारले गेले आहेत; मार्चनंतर रोपे लवकर तयार करण्यासाठी ते उपयोगी पडतात, परंतु ऐन हिवाळ्यात त्यांतली जमीन गोठते.

निष्क्रिय सौर हरितगृहाची मांडणी म्हणूनच वेगळी असते. ते पूर्व-पश्चिम लांबट असते, पारदर्शक भाग फक्त दक्षिणेला असतो आणि उत्तर, पूर्व व पश्चिम या तिन्ही बाजूंना जाड, अपारदर्शक भिंती असतात. लेह सुमारे ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २१-२२ डिसेंबरच्या सुमारास तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो. सूर्य इतका खाली असताना सपाट जमिनीवर थेट किरणांची निम्म्याहून किंचित अधिकच तीव्रता पडते, तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या पृष्ठभागावर सुमारे ८४ टक्के पडते. सूर्यकिरणांना काटकोनात सामोरे जाण्यासाठी पृष्ठभाग साधारण ५८ अंश कललेला हवा. पण किरण काटकोनापासून ४०-४५ अंश तिरपे आले तरी पॉलिथिनवरून परावर्तित होऊन वाया जाणारा प्रकाश थोडाच वाढतो, खरे नुकसान ६० अंशांनंतर सुरू होते. म्हणून बांधणाऱ्याला थोडी मोकळीक असते, आणि पुढचा, जमिनीलगतचा भाग उभट व वरचा भाग कमी उताराचा ठेवून आत उभे राहण्याजोगी उंची साधता येते. उत्तरेकडून ऊन येतच नसल्याने त्या बाजूला पारदर्शक आच्छादन ठेवणे म्हणजे काहीही न मिळवता उष्णता दवडणे होय.

उत्तरेची भिंत हा या रचनेचा सर्वांत महत्त्वाचा भाग असून तिला एकाच वेळी दोन परस्परभिन्न कामे करावी लागतात. तिने दिवसा उष्णता शोषून साठवायची असते आणि रात्री ती बाहेर न जाऊ देता आतच सोडायची असते. उष्णता साठवण्यासाठी जड, घन पदार्थ लागतो आणि उष्णता अडवण्यासाठी हवा कोंडून ठेवणारा हलका, भुसभुशीत पदार्थ लागतो. एकच पदार्थ ही दोन्ही कामे चांगली करीत नाही. लडाखमध्ये यावर काढलेला तोडगा पोकळ भिंतीचा आहे. आतली भिंत उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची किंवा दगडाची, बाहेरची भिंतही तशीच, आणि दोहोंच्या मधल्या सुमारे वीतभर पोकळीत गवताचा भुसा, लाकडाचा भुसा, वाळलेले शेण किंवा सुके गवत ठासून भरलेले असते. आतल्या भिंतीचा पृष्ठभाग ऊन शोषून घेण्यासाठी काळा रंगवतात, तर जेथे झाडांवर अधिक उजेड पडायला हवा तेथे चुन्याचा पांढरा हात दिला जातो. भिंतीच्या माथ्यापासून दक्षिणेकडे झुकणारे आखूड छप्पर पॉपलरच्या वाशांवर विलोच्या काड्या, त्यांवर पेंढा आणि मातीचा थर देऊन केलेले असते. ही दोन्ही झाडे लडाखच्या गावोगावी पाटाच्या कडेने लावलेली असतात, आणि माती-दगडही जागेवरच मिळतात. बाहेरून आणावे लागते ते मुख्यतः पॉलिथिन. अतिनील किरणांना टिकाव धरणारी प्रक्रिया केलेले हे पॉलिथिन पाच वर्षे वा अधिक काळ चालते. साधे पॉलिथिन त्या उंचीवरील उन्हात एखाद्या हंगामातच चुरा होऊन जाते.

उष्णतेचा साठा म्हणजे नेमके किती, हे एका छोट्या हिशेबाने कळते. दोनशे लिटर पाण्याचे पिंप दिवसभरात तापून रात्री दहा अंशांनी थंड झाले, तर ते सुमारे २.३ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर टाकते. म्हणजे शंभर वॉटचा दिवा तेवीस तास जळावा तेवढी. तेवढ्याच आकारमानाची माती साधारण एक तृतीयांश उष्णता साठवते, पण हरितगृहात पिंपे मोजकीच ठेवता येतात, तर भिंत आणि वाफ्यांखालची जमीन मिळून कित्येक टन माती आयतीच असते. जमिनीत खोल जावे तसा ऋतूंचा चढउतार मंदावत जातो, म्हणून हरितगृहाची जमीन बाहेरच्यापेक्षा काही फूट खोल घेण्याची पद्धत आहे. याच तत्त्वाचा अगदी स्वस्त प्रकार म्हणजे खंदक-हरितगृह होय. सुमारे मीटरभर खोल चर खणून त्यावर बल्ल्या आडव्या टाकायच्या व पॉलिथिन पसरायचे, एवढाच त्याचा खटाटोप. लेह येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या उच्च पर्वतीय संशोधन प्रयोगशाळेने सैन्य व शेतकरी या दोघांसाठी असे खंदक आणि अन्य प्रकारची हरितगृहे विकसित केली. खंदकात वावरायला अडचण होते व उजेड कमी मिळतो, तरी ज्याच्याकडे भिंत बांधण्याइतका पैसा नाही त्याच्यासाठी ती खरोखर मोलाची सोय आहे.

हे सारे प्रत्यक्षात कसे चालते, ते जानेवारीतील एका दिवसाच्या क्रमावरून समजून घेता येईल. सूर्योदयाच्या वेळी बाहेर उणे १८ अंश असताना चांगल्या बांधणीच्या हरितगृहात तापमान गोठणबिंदूच्या आसपास किंवा त्याच्या काही अंश खाली असते. पॉलिथिनच्या आतल्या अंगावर बर्फाची पातळ साय धरलेली असते, आणि पालकाची पाने काचेसारखी ताठर व गडद दिसतात. अशी पाने त्या वेळी खुडली तर हातातच काळवंडतात, कारण पेशींमधल्या मोकळ्या जागांत गोठलेले पाणी हाताच्या दाबाने पेशींना फोडते. ऊन डोंगरावरून उतरून पॉलिथिनवर आले की त्याखाली रात्रीपुरता ओढलेला जाड कापडाचा पडदा गुंडाळला जातो. साय वितळून थेंब खाली पडू लागतात, आणि तासाभरात पाने मऊ होऊन उभारी धरतात. दुपारी बारापर्यंत आतले तापमान पंचवीस-तीस अंशांवर जाऊ शकते. या वेळी बाहेर कडाक्याची थंडी असूनही छपराजवळचा झरोका व दार काही काळ उघडणे आवश्यक असते. न उघडल्यास दमट, कोंदट हवेत बुरशी झपाट्याने पसरते. शिवाय बंद जागेत झाडांनी सकाळपासून वापरलेला कार्बन डायऑक्साइड भरून निघत नाही व ऊन असूनही वाढ खुंटते. तीनच्या सुमारास झरोका बंद केला जातो, म्हणजे उरलेल्या उन्हाची उष्णता भिंतीत मुरते. सूर्य मावळण्यापूर्वी पडदा पुन्हा ओढला जातो आणि वाफ्यांवर जणू रात्रीची गोधडी पडते. झरोका आणि पडदा यांची ही वेळ चुकली, तर उत्तम बांधलेले हरितगृहही निकामी ठरते. लडाखमध्ये हे काम बहुतेक घरांत स्त्रिया करतात, म्हणून हरितगृह घरालगत, येता-जाता लक्ष राहील अशा जागी असणे हे भिंतीच्या जाडीइतकेच महत्त्वाचे आहे.

लडाखमधील या रचनेचे आजचे रूप गेल्या शतकाच्या अखेरीपासून पुढे येत गेले. फ्रान्समधील गेरेस ही संस्था आणि लडाखमधील स्थानिक संस्था यांनी गवंडी व सुतारांना प्रशिक्षण देऊन एकाच मोजमापाची हरितगृहे गावोगावी बांधवली. माती, दगड, लाकूड व मजुरी कुटुंबाची आणि पॉलिथिनसारखे बाहेरचे साहित्य प्रकल्पाचे, अशी वाटणी असल्याने मालकाला आपल्या हरितगृहाविषयी आस्था वाटू लागली. २००९ मध्ये या कामाला ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला, तोवर अशी पाचशेहून अधिक हरितगृहे उभी राहिली होती. भाजी घरी खाऊन उरलेली लेहच्या बाजारात विकली जाऊ लागली, आणि वसंत ऋतूत उघड्या शेतासाठी लागणारी रोपे याच हरितगृहांत वाढू लागल्याने अवघ्या चार-पाच महिन्यांच्या उन्हाळी हंगामालाही काही आठवड्यांची जोड मिळाली. हा दुसरा लाभ बातम्यांत क्वचितच येतो. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने तो हिवाळी पालकाहून कमी नाही.

हेच तत्त्व सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवले गेले ते चीनमध्ये. ईशान्येकडील ल्याओनिंग प्रांतात एकाच बाजूने उन्हाला सामोरी जाणारी, मागे मातीची भिंत असलेली हरितगृहे आधीपासून होती, आणि १९८० च्या दशकात प्लॅस्टिकचे आच्छादन सहज मिळू लागल्यावर तेथील वाफांगदियान भागातील शेतकऱ्यांनी इंधन न जाळता हिवाळाभर काकडी पिकवण्यात यश मिळवले. तेथील तंत्र शिकून शानदोंग प्रांतातील शौग्वांग तालुक्यातल्या सान्युआनझू गावात वांग लेयी यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सतरा हरितगृहे बांधली गेली, आणि त्यांच्या यशानंतर तो सारा परिसर चीनची भाजीपाल्याची मोठी बाजारपेठ बनला. आज चीनमध्ये अशा हरितगृहांखालील क्षेत्र काही लाख हेक्टर आहे. तेथे भिंत पोकळ नसून दाबून घट्ट केलेल्या मातीची, पायथ्याशी कित्येक मीटर रुंद असते. जाडीमुळे तिचा आतला थर उष्णता साठवतो व बाहेरचा थर थंडी अडवतो. रात्री पडद्याऐवजी तांदळाच्या पेंढ्याच्या जाड चटया बाहेरून अंथरल्या जातात, आणि त्या गुंडाळण्याचे कष्टाचे काम आता बहुतेक ठिकाणी विजेच्या मोटारीवर होते.

या यशाची किंमतही मोजावी लागते. शौग्वांगच्या अक्षांशावर डिसेंबरमध्ये मध्यान्हीचा सूर्य सुमारे ३० अंशांवर असतो, म्हणून साडेतीन मीटर उंच भिंतीची सावली उत्तरेकडे सहा मीटरपर्यंत पडते आणि मागचे हरितगृह तेवढे दूर ठेवावे लागते. त्यात भिंतीची रुंदी मिळवली, तर जमिनीचा मोठा हिस्सा पिकाविना राहतो. शिवाय भिंतीसाठी शेतातली माती उपसली जाते. सुपीक जमीन कमी असलेल्या देशासाठी ही बाब किरकोळ नव्हे. लडाखमध्ये हरितगृहे सुटी व लहान असल्याने हा प्रश्न तितका जाणवत नाही. तेथे खरी अडचण फाटलेल्या पॉलिथिनची विल्हेवाट लावण्याची आहे.

उष्णतेचा प्रश्न सुटल्यानंतरही प्रकाशाचा प्रश्न उरतो. अमेरिकेतील मेन राज्यात, ४४ अंश अक्षांशावर, एलियट कोलमन यांनी दशकानुदशके इंधनाविना हिवाळी भाजी पिकवली आहे. लडाखसारखी भिंत न बांधता त्यांनी पातळ आच्छादनाच्या मंडपात वाफ्यांवर आणखी एक आच्छादन घालण्याचा मार्ग पत्करला. दिवसाची लांबी दहा तासांखाली गेली की झाडांची वाढ जवळजवळ थांबते, हे त्यांनी आपल्या पुस्तकांतून ठसवले. त्यावरून निघणारा नियम असा, की हिवाळी भाजी हिवाळ्यात वाढवायची नसते, ती शरद ऋतूतच पूर्ण वाढवून हिवाळ्यात फक्त जिवंत, ताजी राखायची व लागेल तशी खुडायची असते. मेनमध्ये सर्वांत लहान दिवस पावणेनऊ तासांच्या जवळपास असतो, तर लेहमध्ये तो दहा तासांना थोडा कमी भरतो. म्हणून लेहमध्ये वाढ मंदावण्याचा काळ थोडक्यात आटोपतो. थंडीला हळूहळू सरावलेल्या पालकाच्या पेशींत साखरेचे प्रमाण वाढते, त्याने पेशीरसाचा गोठणबिंदू खाली जातो आणि भाजी गोडही लागते. टोमॅटो, मिरची, काकडी यांच्यात ही क्षमता नाही; लडाखच्या हरितगृहात ती उन्हाळ्यातच घ्यावी लागतात, आणि जानेवारीत टोमॅटोचे आश्वासन देणाऱ्या कोणत्याही बिनइंधनी योजनेकडे शंकेनेच पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रात तळेगाव-मावळच्या गुलाबांसाठी उभारलेली पॉलिहाऊसे उलट दिशेचे काम करतात. तेथे थंडी अडवण्यापेक्षा पाऊस व उन्हाचा ताप आवरणे महत्त्वाचे असल्याने त्यांना जाड भिंत नसते व झरोके मोठे असतात; ते नमुने उंच थंड प्रदेशात तसेच नेणे चुकीचे ठरेल. परंतु कॅनडा, अमेरिका वा युरोपात घरामागे कोथिंबीर-मेथीचे वाफे करणाऱ्या मराठी कुटुंबांना लडाख आणि मेन या दोन्हींचा अनुभव थेट उपयोगी आहे. त्यांनी उत्तरेच्या बाजूला घराचीच भिंत मिळेल अशी जागा निवडावी, दक्षिणेकडे दुहेरी आच्छादन घालावे आणि भिंतीलगत पाण्याची काही काळी पिंपे ठेवावीत. पालक या सर्वांत काटक, कोथिंबीर त्याखालोखाल आणि मेथी बरीच नाजूक, हे लक्षात ठेवून आपल्या गावी दिवस दहा तासांहून लहान कधी होतो ती तारीख आधी शोधावी आणि पेरणी तिच्या आठ ते दहा आठवडे अगोदर उरकावी.